पाळण्याचं पान

छापखान्यातून गठ्ठे आले तेव्हा नाना अंघोळीला गेले होते. त्या रविवारी घराच्या नशिबात एवढीच एक सोय होती.

नीरजाने दोन्ही गठ्ठे दारातच उतरवून घेतले, एकाची सुतळी सोडली आणि वरचं पुस्तक उचललं. हळदीच्या रंगाचं मुखपृष्ठ, त्यावर फुलांचा झोपाळा, खाली ‘षड्ज प्रकाशन, सदाशिव पेठ, पुणे’. षड्ज प्रकाशन म्हणजे हे दुसऱ्या मजल्यावरचं घरच. नाना, म्हणजे तिचे वडील यज्ञेश्वर, त्याचे मालक, मुद्रितशोधक आणि एकमेव कवी. कॉटखालची जागा हे गोदाम. घरात कार्य निघालं की नानांचं एक पुस्तक निघायचं. तिच्या भावाची, केयूरची मुंज, नीरजाचं लग्न, आईची साठी, प्रत्येक वेळी पाहुण्यांच्या हातात नारळाऐवजी कविता पडल्या होत्या. पेठेतली माणसं एकमेकांना सांगत, यज्ञेश्वरांकडे जेवायला जाताना भूक कमी असली तरी चालेल, चष्मा विसरू नका. नाना हे ऐकून हसत आणि म्हणणाऱ्याला दोन प्रती देत.

आजचं कार्य डोहाळजेवणाचं होतं. केयूरच्या बायकोचं, प्रियदर्शनीचं.

नीरजाने सवयीने पुस्तक मागून चाळलं. बिबवेवाडीतल्या तिच्या शाळेत मुलांच्या वह्याही ती मागूनच बघे, कारण मुलं मन लावून जे करतात ते शेवटच्या पानावर असतं. इथे शेवटच्या पानावर पाळणा होता. तिसऱ्या कडव्यात बाळाचं नाव होतं.

तिने पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. नाव तिथेच होतं.

बाळ जन्मायच्या आधी त्याला नावाने हाक मारायची नाही, हे या घरात कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं. झबली शिवायची नाहीत, पाळणा आणायचा नाही, नाव काढायचं नाही. बाराव्या दिवशी आत्या कानात सांगते तेव्हा नाव जन्माला येतं. आत्या म्हणजे नीरजाच. पण ती एवढ्यासाठी घाबरली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी, प्रियदर्शनीच्या पहिल्या खेपेला, सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणात नानांनी याच खोलीत, आईच्या पेटीवर बोटं ठेवून, अशाच एका पाळण्यात बाळाचं नाव गाऊन टाकलं होतं. बायका हसल्या होत्या. अहो, आत्ताच काय नाव काढता, असं कोणीतरी म्हणालं आणि विषय तिथेच राहिला. त्याच आठवड्यात बाळ पोटात हलेनासं झालं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर आईने, यमुनाबाईंनी, दोन्ही मुलांना आणि सुनेला जवळ घेऊन सांगितलं होतं, की त्या पाळण्याबद्दल नानांपाशी कोणी अवाक्षर काढायचं नाही. कळलं तर ते परत लिहिणार नाहीत, आणि लिहिलं नाही तर ते राहणार नाहीत.

वर्षभराने आईच गेली. तिचा शब्द मात्र घरात राहिला. नानांना कोणी काही सांगितलं नाही, म्हणून नानांनी पुन्हा तेच केलं. जे चुकलं ते दाखवलंच नाही तर मूल तेच पुन्हा लिहितं. नीरजाला हे वर्गात रोज दिसत होतं. आपल्या घरात ते दिसायला तिला तीन वर्षं लागली.

न्हाणीघरातून नानांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. चाल पाळण्याचीच होती.

ती गठ्ठे घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिथे प्रियदर्शनीची आई, दुर्गाबाई, पुरणाला चटका देत होत्या. त्या अमरावतीहून महिन्यापूर्वी आल्या होत्या आणि आल्या दिवसापासून या घराकडे तपासणीला आल्यासारख्या बघत होत्या. डोहाळजेवण सातव्यात करायचं नाही असं त्यांनीच बजावलं होतं, कारण मागचं सातव्यात गेलं. आठव्यात कोणी करत नाही. म्हणून नववा लागल्यावर आजचा दिवस धरला होता.

नीरजाला त्यांच्यापासून लपवायचं होतं, पण दुर्गाबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहून हात पुढे केला. पान वाचून त्यांनी गॅस बंद केला.

“तुमच्या बाबूजीले कोणी सांगतलं काहून नाही?”

आईने शब्द घेतला होता, असं नीरजा म्हणाली.

“तुमी पुण्याची माणसं लय बोलता,” दुर्गाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “पण सांगत काहीच नाही. हे पान माया पोरीच्या नजरेस पडलं नाही पाहिजे.”

दोघींचं महिनाभर कशावरच एकमत झालेलं नव्हतं, डाळीच्या पाण्यावरसुद्धा नाही. आता एका क्षणात झालं. नीरजा आणि केयूरने गच्चीवर जाऊन पान काढायचं. नानांना तोवर गुंतवून ठेवायचं. ते काम दुर्गाबाईंनी स्वतःहून घेतलं.

“मी इवायांशी बोलतो,” त्या पदर खोचत म्हणाल्या. व्याह्यांना त्या इवाई म्हणत, तेही क्वचित. “इतक्या दिवसात बोलली नाही. आज बोलतो.”

गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे सावली होती. केयूरने वर्तमानपत्र पसरलं, स्टीलची पट्टी ठेवली आणि खिशातून नवं ब्लेड काढलं. तो हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. आठवडाभर कंपनीची गाडी त्याला अंधारात न्यायची आणि अंधारात आणून सोडायची. रविवारी त्याला झोप हवी असे.

“ताई, लॉजिकली याचा काही संबंध नाहीये,” तो म्हणाला. “रिपोर्टमध्ये क्लिअर लिहिलं होतं, नाळेला गाठ होती म्हणून.”

“मग ब्लेड कशाला आणलंस?”

“तू म्हणालीस म्हणून.”

“मी कात्री म्हणाले होते.”

केयूरने पट्टी दाबून पहिलं पान कापलं. शिवणीपाशी इतकी बारीक कड राहिली की शोधल्याशिवाय दिसली नसती. त्याने ते पुस्तक बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं. नीरजा कापत होती ते वेडंवाकडं येत होतं, म्हणून थोड्या वेळाने तिने फक्त पुस्तकं उघडून द्यायचं काम केलं. ज्याचा विश्वास नव्हता तोच जास्त नीट कापत होता.

तिने विचारलं, आपण आज नानांना सांगूनच टाकलं तर. केयूर म्हणाला, आईला शब्द दिलाय. आई आता नाही, असं ती म्हणाली. तो म्हणाला, म्हणून तर. आई असती तर तिच्याशी भांडता आलं असतं.

त्याने पुढचं पुस्तक पट्टीखाली घेतलं.

“तुला भीती वाटते का रे?” नीरजाने विचारलं.

केयूरने ब्लेड खाली ठेवलं. कामावर तो दिवसभर काय काय बिघडू शकेल याची यादी करत असे. प्रत्येक ओळीपुढे, हे झालं तर काय करायचं, ते लिहिलेलं असे. घरी त्याने अशी यादी मनात केली होती आणि तिच्यातल्या एकाही ओळीपुढे त्याला काही लिहिता आलं नव्हतं.

“ती काही बोलत नाही ना,” तो म्हणाला. “चार दिवस झाले. मी विचारलं की बरी आहे म्हणते. मागच्या वेळीही बरी आहे म्हणत होती.”

कापलेली पानं एकावर एक साचली होती. ती फाडायची, जाळायची की नदीत सोडायची, यातलं काहीच त्याच्याने होईना. प्रत्येकावर नाव होतं. शेवटी त्याने ती पिशवीत घातली आणि खाली जाऊन स्कूटरच्या डिकीत ठेवून कुलूप लावलं. परत येताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

खाली दुर्गाबाई नानांसमोर बसल्या होत्या आणि आपण काय ओढवून घेतलं हे त्यांना कळत होतं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, की तुमाले हे कवितेचं सुचते कसं. नानांना आयुष्यात हे फार थोड्यांनी विचारलं होतं.

नाना समजावून सांगू लागले. यमुना याच खोलीत पेठेतल्या पोरांना गाणं शिकवायची. संध्याकाळी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीवरून घरी आलं की बाहेर पोरांचा गोंधळ असायचा, म्हणून ते आत पलंगावर बसायचे. एकच सुरावट, पन्नास वेळा. कोणी वर जायचं, कोणी खाली. एखादी चाल तशी कानात बसली की तिच्या मापाचे शब्द आपोआप यायचे. “मी काही सुचवत नाही हो,” ते म्हणाले. “सूर रिकामी जागा ठेवतो. मी तिथे शब्द बसवतो. भाडेकरूसारखे.”

मग त्यांनी टेपरेकॉर्डर लावला. पोरांना आपली चूक ऐकू यावी म्हणून यमुनाबाई शिकवणी टेप करून ठेवत. त्या गेल्यापासून नाना त्याच कॅसेटवरच्या चालींवर लिहीत होते. पेटीचा सूर आला, मग दोनतीन कोवळे आवाज, मग एक घसरला. आणि बाईचा आवाज, रागावलेला नाही, थकलेलाही नाही.

“पुन्हा.”

पोरं पुन्हा म्हणाली. पुन्हा घसरली.

“पुन्हा.”

दुर्गाबाई विहिणीला फारशा ओळखत नव्हत्या. लग्नात आणि नंतर दवाखान्यात, एवढंच. त्या अस्वस्थ होऊन ऐकत राहिल्या. या माणसाचा राग धरायला त्या आल्या होत्या आणि तो त्यांच्या हातातून हळूहळू निसटत होता. गच्चीवर काय चाललं आहे हे आठवून त्यांना एकदम लाज वाटली. मग पोरीचं पोट आठवलं आणि लाज गेली.

“अजून लावा,” त्या म्हणाल्या.

शेजारच्या खोलीत प्रियदर्शनी आरशासमोर बसली होती. खालच्या मजल्यावरच्या मुक्ताबाई तिच्या दंडावर मोगऱ्याची वाकी बांधत होत्या. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, फुलांचा कंबरपट्टा. मुक्ताबाई म्हणाल्या, हात जरा उचल. तिने उचलला आणि लगेच पोटावर परत ठेवला.

सकाळपासून बाळ हललं नव्हतं.

रात्री हललं होतं, निदान तिला तसं वाटत होतं. सकाळी चहा पिताना एरवी उजवीकडे ढुशी यायची, ती आली नाही. नाश्त्यानंतर आली नाही. ती कुशीवर पडून बघून आली. गार पाणी प्यायली. आता ती मनातल्या मनात त्याच्याशी बोलत होती, एकदाच ढुशी दे, लहानशी, कोणाला दिसली नाही तरी चालेल.

सगळे तिच्यापासून काहीतरी लपवत होते हे तिला दिसत होतं. नीरजाताई सकाळपासून गच्चीवर, आईचं आणि नानांचं एकदम जमलेलं, केयूरच्या बोटाला ब्लेड लागलेलं. काय लपवत होते तेही तिला माहीत होतं. चार दिवसांपूर्वी ती ऑफिसातून लवकर आली तेव्हा नाना सृष्टीला, नीरजाच्या मुलीला, पेटीपाशी बसवून पाळणा शिकवत होते. दाराच्या फटीतून तिने तिसरं कडवं ऐकलं. आठ वर्षांच्या पोरीच्या स्वच्छ आवाजात तिच्या बाळाचं नाव. ती चपला न काढता जिन्यात बसून राहिली होती.

तिने कोणाला सांगितलं नाही, कारण सासूबाईंना दिलेला शब्द तिचाही होता. ती संगणकशास्त्र शिकलेली होती, नावाने काही होत नाही हे ती कोणालाही पटवून देऊ शकली असती. पण त्या दिवसापासून बाळाची हालचाल कमी झाली की कमी वाटू लागली, हे तिला ठरवता येत नव्हतं. डॉक्टरांना फोन करायचा तर म्हणायचं काय. आणि केला, आणि त्या म्हणाल्या या, तर मागच्या वेळच्याच दवाखान्याच्या पायऱ्या चढाव्या लागणार होत्या.

“हसा की जरा,” मुक्ताबाई म्हणाल्या. “फोटोत दिसतं सगळं.”

प्रियदर्शनी हसली.

पाच वाजता दिवाणखाना बायकांनी भरला. झोपाळ्याला झेंडूच्या माळा होत्या. ओटी भरून झाली. दोन झाकलेल्या वाट्यांपैकी एक तिने उघडली, आत बर्फी निघाली, बायकांनी मुलगी मुलगी म्हणून टाळ्या वाजवल्या. दुर्गाबाई दारात उभ्या राहून मुलीकडे बघत होत्या. केयूर सरबताचे पेले फिरवत होता आणि प्रत्येक फेरीत बायकोच्या चेहऱ्यावरून नजर फिरवत होता. तिचा हात पोटावरून हलत नव्हता.

नाना धुतलेला सदरा घालून पेटीमागे बसले होते. त्यांनी सृष्टीला खूण केली आणि ती पुस्तकं वाटू लागली. अर्ध्या बायकांना देऊन झाल्यावर ती मधेच थांबली. हातातलं पुस्तक तिने मागून उघडलं होतं.

“नाना, पाळण्याचं पान कुठे गेलं?”

नीरजाच्या हातातल्या तबकाची कड टेबलावर वाजली. ती म्हणाली, सृष्टी, आधी वाटून घे. पण सृष्टीला पुस्तकात चूक सापडलेली होती आणि चुका शोधायची सवय तिला नानांनीच लावली होती. तिने दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. यातही नाही, म्हणाली.

नानांनी एक प्रत घेऊन डोळ्यांजवळ धरली. शिवणीपाशी त्यांनी बोट फिरवलं. नीरजाने श्वास धरला.

“बाइंडरने खाल्लं,” नाना शांतपणे म्हणाले. “मागच्या पुस्तकात प्रस्तावना खाल्ली होती. या वेळी त्याची भूक शेवटी लागलेली दिसते.”

बायका हसल्या. मुक्ताबाई म्हणाल्या, तुमच्या पुस्तकातलं पान कोणी ठेवून घेतलं म्हणजे नाना, कौतुकच की. नानाही हसले. मग त्यांनी पेटीचा भाता सोडला.

“पान गेलं तरी पाळणा गेला नाही. तो पाठ आहे. सृष्टी, ये बस इथे.”

केयूर पुढे झाला, नाना, आधी चहा घेऊ या सगळे. नीरजा म्हणाली, बायकांना उशीर होतोय. दोघं एकदम बोलले आणि दोघांचंही नीट ऐकू आलं नाही. नानांनी सूर धरला होता. पहिलं कडवं साधं होतं, चांदण्याचं आणि दोरीचं. सृष्टी सोबत गात होती. दुसरं कडवं आलं. दुर्गाबाईंनी दाराची चौकट धरली. तिसऱ्याआधी पेटीवर छोटी सुरावट होती, तेवढाच वेळ होता.

“नाना, नको.”

प्रियदर्शनी झोपाळ्यावरून उठली होती. फुलांचा मुकुट एका बाजूला कलला होता. नानांना वाटलं ती लाजते आहे. ते वाजवत राहिले.

“नाना, तुम्ही मागच्या वेळी नाव घेतलंत,” ती म्हणाली. आवाज इतका सपाट होता की मागे बसलेल्यांनाही प्रत्येक शब्द कळला. “त्याच आठवड्यात ते गेलं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही. आणि आज सकाळपासून हे हललेलं नाही.”

सृष्टीचं गाणं थांबलं. पेटी अर्ध्या सुरात राहिली.

पुढचं भरभर झालं. दुर्गाबाईंनी मुलीला धरून आतल्या पलंगावर नेलं. केयूरने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाल्या, काहीतरी गोड द्या, डाव्या कुशीवर निजवा आणि तिला लगेच घेऊन या, मी निघते. केयूर कार काढायला धावला, पण फाटकात पाहुण्यांच्या स्कूटर एकीला एक लावून ठेवलेल्या होत्या, आणि कोणाची किल्ली कोणाकडे हे बायकांना जिन्यात एकमेकींना विचारावं लागत होतं. मुक्ताबाईंनी सृष्टीला आपल्या घरी नेलं. दिवाणखान्यात एकही बाई उरली नाही. चपलांचे आवाज उतरत गेले. जमिनीवर हळदीच्या रंगाची पुस्तकं जिथल्या तिथे पडली होती.

नाना पेटीमागेच होते. बोटं अजून पट्ट्यांवर होती.

तीन वर्षांपूर्वीचा तो आठवडा ते उलट्या क्रमाने आठवत होते. दवाखान्यातून आलेली यमुना. ती काही न बोलता पेटीवर आवरण घालत होती. त्यांनी विचारलं होतं, असं का झालं गं. ती म्हणाली, रिपोर्ट आल्याशिवाय डॉक्टरसुद्धा सांगू शकत नाहीत. त्यानंतर तिने त्यांना रोज बसवून लिहायला लावलं होतं. रोज एखादी चाल धरायची आणि म्हणायची, यावर लिहा. त्यांना वाटलं होतं, ती स्वतःचं दुःख विसरायला गाते आहे. म्हणजे ती त्यांच्यासाठी गात होती. सगळ्यांना ठाऊक होतं. जेवताना पानावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आणि आत ती पोर पडली होती.

त्यांना भीती वाटली. स्वतःच्या मरणाची कधी वाटली नव्हती अशी. आपल्या तोंडातून निघालेल्या एका शब्दाने असं होतं की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि कधीही कळणार नव्हतं. हात उचलायचे म्हणून त्यांनी हालचाल केली. भात्यात थोडी हवा उरली होती. बोटाखालची पट्टी दबली आणि एक बारीक षड्ज निघाला. ते दचकले. त्यांनी बोट काढलं.

आतून प्रियदर्शनीचा आवाज आला.

“नाना.”

त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. आत काहीतरी हललं, दुर्गाबाईंची बांगडी वाजली. मग पुन्हा तिचा आवाज, या वेळी घाईचा.

“थांबलात का? वाजवा.”

“पोरी, मी आता...”

“शब्द नकोत. नुसतं वाजवा.”

त्यांनी भाता ओढला. पहिला सूर फाटला. पाळण्याची चाल यमुनेची होती, कॅसेटवरच्या पोरांनी शंभरदा बिघडवलेली. ते पहिल्या कडव्यातून गेले, दुसऱ्यातून गेले. तिसऱ्यात नावाची जागा आली. त्यांनी ती नुसत्या सुरांवरून ओलांडली, पाणी कुठवर आहे ठाऊक नसताना पाय टाकावा तशी. चाल संपली. त्यांनी भाता तसाच धरून ठेवला.

नीरजा आतल्या दारात उभी होती. तिला पलंग दिसत होता. प्रियदर्शनीने आईचा हात ओढून आपल्या पोटाच्या उजव्या बाजूला दाबून धरला होता. दोघी श्वास घेत नव्हत्या. मग दुर्गाबाईंचा चेहरा बदलला.

“पुन्हा,” प्रियदर्शनी म्हणाली.

नानांनी तो शब्द ऐकला आणि मान खाली घालून भाता ओढला.

खालून केयूरचा हॉर्न आला. डॉक्टर वाट बघत होत्या. एकदा हललं म्हणून थांबण्यासारखं नव्हतं, आणि हललं होतं ते एकदाच. नीरजाने वहिनीला उठवलं. फुलं काढायला वेळ नव्हता, तशीच मुकुट घातलेली प्रियदर्शनी दिवाणखान्यातून पुस्तकांमधून वाट काढत गेली. दारात ती थांबली. नानांकडे पाहून काही म्हणणार होती, पण नीरजाने तिला पुढे नेलं.

दुर्गाबाई मागे राहिल्या. गाडीत जागा होती, पण तो दवाखाना त्यांना पुन्हा बघवणार नव्हता. त्या येऊन पेटीसमोर जमिनीवर बसल्या. जवळ पडलेलं एक पुस्तक त्यांनी उचलून बाजूला ठेवलं. मग नाना म्हणाले, तुम्ही पान कापलंत ते बरं केलंत. दुर्गाबाई म्हणाल्या, म्या नाही, पोरांनी. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, यमुनाबाईने तुमाले सांगतलं नाही, त्याचा राग येते का.

“राग कोणावर धरायचा?” नाना म्हणाले. “ती आज असती तर विचारलं असतं.”

भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. बाहेर रस्त्यावर कुठल्यातरी क्लासमधून सुटलेली मुलं मोठ्याने बोलत चालली होती.

फोन वाजला.

नानांनी आयुष्यभर एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिले होते. कोणाच्या घरी काय बातमी जाते हे त्यांना कधी कळत नसे. आता घंटी वाजत होती आणि बातमी त्यांच्याच घरी येत होती. दुर्गाबाई उठल्या. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला, ऐकत राहिल्या. त्यांच्या पाठीवरून काहीच कळत नव्हतं. हो, एवढंच त्या म्हणाल्या. मग पुन्हा हो. मग वळल्या आणि वायर पुरेल तितक्या पुढे येऊन, हात लांब करून, त्यांनी रिसीव्हर पेटीच्या दिशेने धरला.

“मशीन लावून राहिले तिले,” त्या म्हणाल्या. “ठोके ऐकू येतात म्हणे. पण डॉक्टरीणबाईले अजून पाहायचं हाय. पोरगी म्हणते, आमाले ऐकू येऊ द्या.”

नाना बघत राहिले.

“इवाई,” दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांनी रिसीव्हर अजून पुढे केला. “पुन्हा.”

नानांनी भाता ओढला.